नव्या कादंबरीचे नायकसाहेब

नव्या कादंबरीच्या नायकाशी तुमचा परिचय करून देण्याचा आव मी आणणार नाही, कारण तुमच्या घरी तो माझ्या आधीच येऊन गेलेला असतो, आणि बहुधा या क्षणीही उशीखाली किंवा पिठाच्या डब्यामागे, सातव्या प्रकरणात केसांचा आकडा खुणेला घालून, तुम्ही घराबाहेर केव्हा पडता याची वाट पाहत पडलेला असेल. माझा त्याच्याशी संबंध येतो तो निव्वळ कर्तव्यापोटी. मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर माझी नेमणूक झाली, आणि ‘सभासदांच्या, विशेषतः स्त्री-सभासदांच्या, हाती पडण्यापूर्वी प्रत्येक नवी कादंबरी कोणा जबाबदार गृहस्थाने नजरेखालून घालावी’ असा ठराव सर्वानुमते मंजूर होऊन ती कामगिरी माझ्याच गळ्यात पडली. ज्याने उभी हयात सातबाराचे उतारे आणि वारसाच्या नोंदी पडताळून पाहण्यात घालवली, त्याच्यापुढे हा इसम दर महिन्याला नवे नाव, नवे वेष्टन आणि तेच जुने डोळे घेऊन हजर होतो. मग त्याची तपासणी कोणत्या दृष्टीने होत असेल हे सांगायला नको.

तपासणीअंती निष्पन्न झालेला तपशील असा. इसम उंच, गौरवर्ण, वय पंचविशीच्या आसपास. शिक्षण एम. ए., वर्ग पहिला. विषय बहुधा तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्र, म्हणजे ज्यांचा चरितार्थाशी दूरान्वयानेही संबंध येणार नाही असे. टेनिस उत्तम, पोहणे उत्तम, आवाज गोड, सतार थोडीशी. उत्पन्नाचे साधन या सदराखाली मात्र कोरी जागा. तरीही हा गृहस्थ डेक्कन जिमखान्यावर स्वतंत्र खोली घेऊन राहतो, मनात आले की महाबळेश्वर गाठतो, आणि १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाल्यापासून तर मुंबई-पुण्याच्या येरझाऱ्या त्याच्या अंगवळणी पडल्या आहेत. परंतु त्याने खिडकीशी उभे राहून तिकीट काढल्याची, सुटे पैसे मोजून घेतल्याची किंवा खोलीच्या भाड्याबद्दल मालकाने तगादा लावल्याची नोंद मला आजवर एकाही प्रकरणात आढळलेली नाही. त्याला आईबाप असलेच तर ते प्रस्तावनेपुरते असतात. त्याचे कपडे कोण धुतो, त्याला दाढदुखी होते की नाही, पावसात भिजल्यावर त्याचे जोडे वाळतात कोठे, हे प्रश्न लेखकाला पडत नाहीत आणि त्याला तर नाहीतच नाहीत.

हे सारे मी सोसले असते. सरकारी नोकरीत याहून अधिक निराधार जमाखर्च मी डोळे मिटून रुजू करून घेतले आहेत. पण या इसमाचा एक गुन्हा असा आहे की ज्याला माझ्या दप्तरी माफी नाही, आणि तो म्हणजे हा मनुष्य समोर आलेला चहा कधीही पीत नाही.

मी विधान जबाबदारीने करीत आहे. परवाच्या कादंबरीत नायिकेच्या वडिलांच्या बंगल्यावर, जाळीदार रुमालाने झाकलेल्या ट्रेमधून, चिनी मातीच्या नाजूक कपातून त्याच्यासाठी चहा आला. तिने तो स्वतः ओतला, साखर किती हे विचारले, कप पुढे सरकवला आणि आपल्या ठरलेल्या लग्नाची हकीकत सांगावयास प्रारंभ केला. येथून पुढे अडीच पाने तो कप मेजावर आहे. पहिल्या पानावर त्यातून वाफ निघते, दुसऱ्यावर ती विरते, आणि तिसऱ्यावर ‘चहावर साय धरली होती’ असे वाक्य टाकून लेखक प्रकरण संपवतो. त्याआधीच्या कादंबरीत लोणावळ्याचा पाऊस, काचेला नाक लावून बसलेले धुके, आणि आले घातलेला, होय, आले घातलेला चहा! तोही निवला. मी चष्मा काढून स्वस्थ बसलो. एखाद्याने भर पावसाळ्यात, लोणावळ्यात, आल्याचा चहा निवू द्यावा आणि तरीही वाचकांनी त्याच्या सुखदुःखाशी समरस व्हावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते.

असे कोणी म्हणेल की, हा दोष सुखवस्तू नायकांचा आहे. बंगल्यात चहाची किंमत ती काय? म्हणून मी मुद्दाम ध्येयवादी नायकांचेही दप्तर तपासले. प्राध्यापक फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून तंत्राचे कायदे घालून दिले, तिकडे शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करीत खांडेकरांनी ‘उल्का’ लिहिली, आणि कलेसाठी कला की जीवनासाठी कला या वादावर आपल्याकडे इतकी शाई खर्ची पडली की तेवढ्यात एखाद्या तालुक्याची फेरमोजणी सहज निघाली असती. पुढे या दोन्ही संप्रदायांना अनुयायी फुटले आणि त्यांचे नायकही निरनिराळे निपजले. एक मखमली कोचावर बसतो, दुसरा खेड्यातल्या शाळेच्या फुटक्या बाकावर. एकाच्या अंगावर फ्लॅनेल, दुसऱ्याच्या खादी. एकाला चहा येतो तो जपानी कपातून, दुसऱ्याला कान तुटलेल्या कपातून, गुळाचा, दूध बेताचे. पण ती कान तुटलेली कपबशी पुढे ठेवून मास्तरीणबाई शाळेच्या अडचणी सांगू लागल्या की या दुसऱ्याचीही नजर त्यांच्या चेहऱ्यावर खिळते, आणि गुळाचा चहा, जो निवल्यावर औषध म्हणूनही घेववत नाही, त्याच्याही वाट्याला तीच गत येते. ज्या दोन पक्षांचे जगातल्या कोणत्याही प्रश्नावर एकमत नाही, त्यांनी चहा वाया घालवण्याच्या कलमावर मात्र बिनतक्रार सह्या केल्या आहेत.

खलनायकाचे तसे नसते. तो येतो, खुर्ची ओढतो, बशीत चहा ओततो, फुर्र करून पितो, मिशा पुसतो आणि मग नायिकेच्या बापाकडे गहाणखताची गोष्ट काढतो. त्याच्या हेतूंबद्दल माझे मत प्रतिकूल असले तरी त्याच्या वर्तनात एक प्रकारची शिस्त आहे, हे कबूल करणे मला भाग आहे.

आणि ही उधळमाधळ कोणाच्या पुण्याईवर? १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तेथे त्यांच्यापुढे चहा आला, आणि गोपाळराव जोश्यांनी त्या पाहुण्यांची यादीच वर्तमानपत्रातून प्रसिद्ध करवली. तेव्हा सनातन्यांनी ग्रामण्य उभे केले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. वाडवडिलांनी ज्या पेयाखातर जातीचा बहिष्कार सोसला, ते पेय या गृहस्थाने नुसते समोर ठेवून त्यावर साय धरू द्यावी याला इतिहासाविषयी कृतघ्नता म्हणतात.

बरे, हा रोग पुस्तकात राहिला असता तर समितीला हरकत नव्हती. पण आमचा पुतण्या कॉलेजात असताना या संसर्गाला बळी पडला. त्याच्यासाठी सांगून आलेली एक मुलगी पाहण्यास आम्ही सहकुटुंब गेलो. पोहे आले, ते त्याने खाल्ले, कारण पोह्यांच्या बाबतीत कादंबरीकारांनी अद्याप काही दंडक घातलेला नाही. मग मुलगी चहा घेऊन आली. चिरंजीवांनी कप हाती घेतला, अर्ध्यावर आणला, परत बशीत ठेवला, आणि खिडकीबाहेरच्या शेवग्याच्या झाडाकडे अशा काही नजरेने पाहू लागले की मुलीचे वडील उठून झाडावर कोण चढले आहे ते पाहून आले. चहा निवला. मुलीच्या आईला वाटले, साखर विसरली. मामांना वाटले, मुलगी नापसंत. आणि वडील, जे व्यवहारी होते, त्यांनी तिसऱ्या दिवशी आमच्या गावच्या वैद्यांकडे माणूस पाठवून मुलाला आम्लपित्ताचा जुनाट विकार आहे काय, याची गुप्त चौकशी केली. वैद्यबुवांनी पथ्यपाण्याची सविस्तर यादीच दिल्यामुळे स्थळ मोडले ते मोडलेच. ‘काका, ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो होतो,’ एवढेच पुतण्या म्हणाला. आम्ही सर्व खूप हसलो.

एवढे आरोपपत्र तयार झाल्यावर निकाल उघड होता. पण कचेरीतली जुनी खोड अशी की, अंतिम शेरा मारण्यापूर्वी वापरलेला कागद एकदा उजेडात धरून पाहायचा. म्हणून, सभासदांच्या हाती वर्षभर फिरून खिळखिळ्या झालेल्या काही कादंबऱ्या मी कपाटातून काढून घेतल्या. वाचनालयाच्या पुस्तकाचा समास हा खरा सार्वजनिक दस्तऐवज होय, तेथे ‘छान!’ असते, ‘गाढव आहे’ असते, आणि ‘पुढे ती मरते’ असे सांगून पुढच्या वाचकांवर सूड उगवणारेही कोणी असते. या प्रतींत मात्र मला निराळेच काही आढळले. लोणावळ्याच्या त्या प्रकरणात, जेथे आल्याचा चहा निवतो, त्या पानाच्या कोपऱ्यावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. स्वयंपाक अर्धवट टाकून कोणीतरी ते पान धरले असावे. त्याच्यावर दुसरा ठसा होता, लहान अंगठ्याचा. आणि त्या दोन ठशांच्या मधोमध, नायकाच्या तोंडच्या एका अगदी साध्या प्रश्नाखाली, पेन्सिलीने हलक्या हाताने रेघ ओढलेली होती. प्रश्न एवढाच होता, की तुला स्वतःला काय हवे आहे?

मग मी बाकीची पाने पडताळली. बंगला असो की शाळा, फ्लॅनेल असो की खादी, चहा निवतो त्या प्रत्येक ठिकाणी ती बोलत असते आणि हा इसम मध्ये एक शब्द न घालता ऐकत असतो. इतकी वर्षे मी कपाकडे पाहत होतो. बायका त्या पानावर दुसरेच काही पाहत होत्या.

घरी येऊन मी आमच्या मंडळींना सहज म्हटल्यासारखे विचारले, “काय गं, तुम्हा बायकांना त्या रिकामटेकड्या नायकात असे दिसते तरी काय?”

“अहो, तो विचारतो,” ती म्हणाली, आणि माझा रिकामा कप उचलून आत गेली.

या उत्तरावर अपील नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले तेही त्या चहाच्या ग्रामण्याच्याच वर्षी, आणि त्यातून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या रघुनाथरावांनी यमूला शिकवले, मुंबईस बिऱ्हाड थाटले, तिच्याशी माणसासारखे बोलले, एवढ्यावर आपल्या आज्यांनी त्या गृहस्थाला आप्ताहून आप्त मानले. आमचे टेनिस खेळणारे साहेब त्याच घराण्यातले. वंश जरा दिखाऊ झाला, फ्लॅनेल चढले, उत्पन्नाचा तपशील गहाळ झाला. पण वतन तेच आहे. चहा निवण्याचेच म्हणाल तर तो आपल्याही घरोघर निवतो. सासऱ्यांना, दिरांना, पाहुण्यांना, पोरांना पोचवून उरलेला अर्धा कप चुलीपाशी तिच्या नावे ठेवलेला असतो आणि तो तिला कधीच गरम मिळत नाही. फरक इतकाच, की त्याच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही. आणि ज्या पुतण्याला आम्ही हसलो, त्याचे पुढे यथासांग लग्न झाले, तो आता बँकेत आहे, दोन घोटांत चहा संपवतो आणि वर्तमानपत्रावरून नजर न उचलता कप डाव्या हाताने पुढे करतो. त्याच्या प्रकृतीविषयी आता कोणी चौकशी करीत नाही. आमच्या उपचाराला गुण आला.

तेव्हा समितीच्या पुस्तकात मी शेरा लिहून टाकला आहे: इसम निरुद्योगी, भाड्याच्या बाबतीत संशयास्पद, तथापि घरात येऊ देण्यास हरकत नाही, या कादंबऱ्या स्त्री-सभासदांनी खुशाल न्याव्यात, मात्र पुरुष-सभासदांपैकी ज्यांना परवडेल त्यांनीही एकेक वाचावी. आणि वाचकहो, तुमच्याकडे माझी एक स्वतंत्र दरखास्त आहे. आज संध्याकाळी चहा आला की कप खाली ठेवून तो प्रश्न एकदा घरात विचारून पाहा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. तेवढ्यात चहा निवला, तर दूधसाखरेचा तो तोटा माझ्या नावे खर्ची टाका.