कंट्रोलमामाजी

कंट्रोलमध्ये, म्हणजे रेशनच्या दुकानात, तांदूळ उतरल्याची बातमी नवेगाव बांधमध्ये दुकानदाराच्या आधी मामाजींना लागते. धुतलेली पिशवी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड आणि एक ताजी तक्रार घेऊन ते पहिल्या नंबरावर हजर. स्वतःच्या बांध्यांत धान पिकतं, मग इथं कशाला, असं विचारलं की म्हणतात, "हक्काचा आहे गा! सोडाचा कावून?"

मामाजी इतिहास पोत्यावरून मोजतात. दुसऱ्या महायुद्धानं कंट्रोल आणला, तो वडलांचा जमाना. 1972च्या दुष्काळात राज्यात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. ती पचवलेल्या माणसाला पुढे कोणत्याही धान्याला नावं ठेवण्याचा अधिकार मिळतो, असं त्यांचं मत. 1 मे 1999ला पिवळी, केशरी, पांढरी अशी तिरंगी कार्डं सुरू झाली आणि त्याच दिवशी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. मामाजींच्या वाट्याला केशरी आलं. आपलं पिवळं कार्ड हुकवायलाच जिल्हा फोडला, हा सिद्धांत त्यांनी तेव्हापासून सोडलेला नाही.

2014 मध्ये अन्नसुरक्षा कायदा राज्यात लागू झाला. माणशी पाच किलो धान्य, तांदूळ तीन रुपये किलो. भांडण सुखात चाललं होतं. 2023 पासून धान्य फुकट झालं आणि मामाजी खचले. "पैसे देत होतो तवा बोलाले तोंड होतं!" पण लवकरच तांदळात लोह घातलेले दाणे आले, पाण्यावर तरंगले, आणि 'प्लास्टिक, प्लास्टिक' करत मामाजी पुन्हा ताजेतवाने झाले. त्यांना पोषणाचं समजावणारी आशाताई आता रस्ता बदलून जाते.

त्यांचा खरा अभिनय मात्र तांदूळ पारखताना बघावा. घरच्या भाताला मामाजी बारीक धान ठेवतात. जाडं 1010 जातीचं धान सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर विकतात. ते गिरणीत भरडलं जातं, क्विंटलमागे 67 किलो तांदूळ सरकारजमा होतो आणि फिरून कंट्रोलमध्ये येतो. मामाजी मूठभर तळहातावर घेतात, हुंगतात, नाक मुरडतात.

"हा कोन्या बेइमानानं पिकवला गा?"

दुकानदार मान खाली घालून अंगठ्याचं मशीन पुढे सरकवतो. चिखलात राबून मामाजींच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, मशीन ओळख देत नाही. मग नातवाला हाक जाते, मागची रांग खोळंबते आणि मामाजींना मिलोची गोष्ट पहिल्यापासून सांगायला वेळ मिळतो.

नवेगावचा बांध बघायला आलात तर मामाजींना जरूर भेटा. कंट्रोलच्या दिवशी तेवढं टाळा. त्या दिवशी ते ड्युटीवर असतात.