जरा मध्ये सरका

किनाऱ्यावरच्या गावांचं पुनरुज्जीवन होणार, अशी घोषणा पुन्हा एकदा झाली आहे. कोकणात ती आंब्याच्या मोहोरासारखी वर्षाकाठी येते आणि ढगाळ हवा पडली की गळते. यंदा फरक एवढाच, की आराखड्याच्या मध्यभागी माणसं असणार आहेत. आजवर तिथं कारंजं असायचं.

कारंजं बरं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते डिझेलचा परतावा मागत नाही. त्याच्या अंगाला मासळीचा वास येत नाही. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बंद पडलं तरी मोर्चा काढत नाही. माणसांचं तसं नाही.

शिवाय माणसं आणायची कुठून? २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११ साली ८,४९,६५१ उरली. सगळा देश वाढत होता तेव्हा हा जिल्हा एकोणीस हजारांनी घटला. शेजारचं रत्नागिरीही घटलं. २०२१ ची शिरगणती झालीच नाही, त्यामुळे पुढचा आकडा कळायचा त्रास वाचला. गेलेली माणसं डोंबिवली-विरारला आहेत. गणपतीत आणि शिमग्याला येतात आणि तेवढे दिवस जिल्हा लोककेंद्रित होऊन जातो.

किनारा मात्र वाढला. खाड्या, वळणं धरून नव्यानं बारीक मोजमाप झालं, तेव्हा देशाचा किनारा साडेसात हजार किलोमीटरवरून एकदम ११,०९८ वर गेला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ८७७ किलोमीटर आला. माणसं कमी, किनारा जास्त. एक दगडही न रचता दरडोई किनारा वाढवून दाखवणारं दुसरं खातं कुठं असेल तर कळवावं.

माणसांची मोजणी आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. २०१९ ची सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना सांगते, की ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल, तर भरतीरेषेपासून ५० मीटरांत बांधकाम नको. वस्ती त्याहून विरळ असेल तर ही मनाई २०० मीटरपर्यंत. सिंधुदुर्गाची सरासरी आहे १६३. तेव्हा एखाद्या गाबीत मच्छीमार बाईला समुद्रापासून साठ मीटरवर धाकट्या मुलासाठी नवं घर बांधायचं असेल, तर आधी गावाची वस्ती तेरापट करावी लागेल. एकट्या धाकट्याच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. त्याच किनाऱ्यावर पर्यटकांसाठी तात्पुरते शॅक आणि कपडे बदलायच्या खोल्या मात्र चालतात. मुलानं लग्न करून कपडे बदलायच्या खोलीत राहावं, असा सुवर्णमध्य मला सुचतो. रात्री तशी ती रिकामीच असते.

असो. आराखड्यात खरी मेहनत असते ती संकल्पचित्रावर. असं चित्र कुठल्याही बंदराचं घ्या, गुळगुळीत फरशी, रांगेत ताड आणि फरशीवरून चालणारी माणसं. एक बाई गोल टोपी घालून सायकल चालवते. एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन ताडाखाली बसलेले. एका पोराच्या हातात लाल फुगा. भर दुपारी कोकणच्या धक्क्यावर, जिथं तापलेल्या दगडावर कुत्रंसुद्धा पाय टेकत नाही, तिथं ही मंडळी अंगावर घामाचा थेंब नसताना फिरतात. त्यांच्या सावल्या एका दिशेला, झाडांच्या दुसऱ्या. जाळं विणणारा म्हातारा, पाटी डोक्यावर घेतलेली बाई, खळ्यात वाळत घातलेले बांगडे, बांगड्यांवर नजर ठेवून असलेला कावळा, यांतलं कोणीही नाही. परवा एका चित्रात मी चिकाटीनं होडी शोधली. सापडली. तिच्यात फुलझाडं लावली होती.

तरी लोकांना विचारलं नाही, असा आरोप कोणी करू नये. विचारतात. तालुक्याच्या ठिकाणी, वातानुकूलित सभागृहात, सकाळी होड्या लागून लिलाव ऐन भरात आला असेल त्या वेळी. सल्लागार पुण्याहून आदल्या रात्री निघालेले असतात. मुंबईहून आले असते तर गोवा महामार्गाचं चौपदरीकरण वाटेत पाहायला मिळालं असतं. ते २०११ पासून चालू आहे आणि स्वतःच आता एक पर्यटनस्थळ आहे. पडद्यावर ताड, सायकल, फुगा दिसतात. मग कोणीतरी मागच्या रांगेतल्या बाईला विचारतं, ताई, तुमची काही सूचना? ताई उठते. म्हणते, "आमका आधी बरफाचो कारखानो व्हयो. बरफ नाय तर मासळी कुसता." टाळ्या पडतात. इतिवृत्तात नोंद होते: स्थानिक महिलांनी प्रकल्पाचे उत्स्फूर्त स्वागत करून शीतपेयांच्या सोयीची मागणी केली.

किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांनाही बोलायचं असतं. परराज्यातले मोठे ट्रॉलर आत घुसून मासळी ओढून नेतात, एलईडीचे दिवे लावून समुद्र झाडून काढतात, एक जून ते एकतीस जुलैची बंदी छोट्यानं पाळायची आणि मोठ्यानं त्याचा फायदा घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. पण तो विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि हा प्रकल्प पर्यटनाचा. एलईडी दिव्यांची मागणी धक्क्याच्या सुशोभीकरणात समाविष्ट केली आहे, असं मात्र त्यांना आश्वासन मिळतं.

मालवणकरांना या सगळ्याचा अनुभव दांडगा. तिथल्या राजकोट किल्ल्यावर शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, मोठ्या थाटात उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असं कारण पुढं आलं. समोर पाण्यात कुरटे बेटावर महाराजांनी स्वतः बांधून घेतलेला किल्ला १६६४ पासून तोच वारा खातो आहे. त्याच्या पायात शिसं ओतलं होतं, निविदा ओतली नव्हती. आता तिथं नवा, अधिक उंच पुतळा आहे आणि मालवणातली प्रत्येक व्यक्ती वाऱ्याच्या वेगाबद्दल अधिकारवाणीनं बोलते. एवढं लोकशिक्षण दुसऱ्या कुठल्या प्रकल्पानं केलं नसेल.

तिकडं निवतीच्या समुद्रात नौदलाची निवृत्त युद्धनौका 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे, सुमारे ४७ कोटींची. कल्पना वाईट नाही. बुडालेल्या जहाजाभोवती मासे जमतात, ते पाहायला माणसं जमतात. पण एक जहाज बुडवायला एवढे पैसे कशाला लागतात, असं किनाऱ्यावरच्या एका तांडेलानं मला विचारलं, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. त्याची होडी वादळात फुकट बुडाली होती. पंचनाम्यासाठी त्याला तिचे फोटो मागितले, बुडायच्या आधीचे आणि नंतरचे.

या धंद्यात काही माणसं वाईट पायंडे पाडतात, तेही सांगितलं पाहिजे. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. खेकडा कुठं राहतो, खंड्या कुठं बसतो, हे त्यांना सल्लागाराशिवाय ठाऊक आहे. त्याच गावच्या नगरपरिषदेनं कचऱ्याचं असं काही केलं, की बाहेरगावचे लोक कचरा डेपो पाहायला येऊ लागले. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी राखली. आता हंगामात पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात, गावातल्याच घरांत राहतात, ओसरीवर जेवतात आणि पैसे त्याच घरात ठेवून जातात. किती गैरसोयीचं! मधे कंत्राटदार नाही. फीत कापायची तर ती बांधायची कुठं, कासवाला? ताड एकही नाही. असल्या प्रकल्पाचा खर्च इतका कमी असतो, की टक्केवारी काढली तरी चहापुरतीच निघते. म्हणून अशा गावांची दखल घ्यायची ती पुरस्कार देऊन. पैसे देऊन त्यांना बिघडवायचं नाही.

परवा अंतिम आराखडा पाहिला. सूचनांचा आदर झाला आहे. बाईच्या मागणीप्रमाणे धक्क्यावर बर्फ कारखाना आलेला आहे, तोही जुन्या, बंद पडलेल्या कारखान्याच्या जागीच. भिंती तशाच ठेवणार, लादी फोडायचं यंत्र काचेच्या पेटीत ठेवणार आणि आत कॉफी मिळणार. नाव 'बर्फ कारखाना', पाटी लाकडी, अक्षर मोडी वळणाचं. सादरीकरण संपल्यावर तीच बाई पुन्हा उठली. "मगे रातचे दोन क्रेट बांगडे तुमच्या त्या फ्रिजात ऱ्हवतीत काय?"

इतिवृत्तात नोंद झाली: कॅफेच्या खाद्ययादीत बांगड्याचा समावेश करावा, असा स्थानिकांचा आग्रह.