भावी नगरसेवकांस, उधारीसह सप्रेम

म्हसळा, डिसेंबर 2025

माननीय भावी नगरसेवक, कार्यसम्राट, आमच्या कार्यक्रमांचे सौजन्यकर्ते साहेब यांस,



मोठ्या कंपन्या भागधारकांना वार्षिक अहवाल पाठवतात. आमचा धंदा लहान. एक माइक, दोन स्पीकर, तांबोल्याची पेटी, फुगे, स्ट्रॉ, प्लास्टिकचे ग्लास आणि घरचीच माणसे. बारसे, वाढदिवस, हळदीकुंकू, पूजा आणि मुख्य म्हणजे ‘खेळ पैठणीचा’. बोलावतील तिथे जाऊन खेळ घ्यायचे. भागधारक आम्हाला नाहीत. पण आमचे सर्वांत जास्त पैसे आपल्याकडे अडकलेले असल्याने अहवालाचा पहिला मान आपला.

वर्षाची सुरुवात चांगली झाली. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचा हंगाम. बायका आपसांत वर्गणी काढतात, खेळतात, हसतात आणि पैसे त्याच रात्री मोजून देतात. आखातातून माणसे सुट्टीवर आली की मोहल्ल्यातल्या लग्नघरी बायकांचा तांबोला रंगतो. तिथेही हिशेब रोख. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले, त्यांनी भाव पाडून मागितला, पण ठरलेले दिले. या सगळ्यांत एकाचेही नाव बॅनरवर नव्हते, हा निव्वळ योगायोग समजावा.

22 सप्टेंबरला घट बसले आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर आले. पत्ते, कॅरम, लुडो 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर उतरले. आपण तातडीने फोन करून बिलात सात टक्के सूट मागितलीत. साहेब, सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असली की जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि आमची उलाढाल त्या आकड्याला लांबूनच रामराम करते. आम्ही जो कर कधी लावलाच नव्हता, तो कमी करून मागणारे आपण पहिलेच. अर्थखात्याची ही जाण वाया जाऊ नये.

दिवाळीत धंद्याला तेजी आली. श्रीवर्धन, मुरूड, रोहा, महाड, जिकडे तिकडे नगरपरिषदांचे वारे. 2004 साली टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि आदेश बांदेकर घरोघरचे भावोजी झाले. तेव्हापासून माइक धरता येणारा प्रत्येक जण आपापल्या तालुक्याचा भावोजी आहे. या दिवाळीत अशा भावोजींचाही तुटवडा पडला. मग 4 नोव्हेंबरला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि ठरलेले कार्यक्रम रात्रीत पाण्यात गेले. फुगे तेवढे फुगवून तयार होते.

या वर्षात एक गोष्ट लक्षात आली. आमच्या बहुतेक खेळांना एक मिनिट लागते. आपल्या आगमनाला तीन तास. कार्यक्रम सहाचा, आपण नवाला. मधल्या वेळात केसांत स्ट्रॉ खोवण्याच्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी होते, उपांत्य होते, अंतिम होते, तरी आपली गाडी वाटेतल्या साई फाट्यालाच असते. बायका घरी जाऊ नयेत म्हणून पैठणीची सोडत आपल्या भाषणानंतर ठेवायची, हा आपला नियम. पाहुण्यांना वाटते, गर्दी भाषणाला थांबली.

आता पैठणीविषयी. बॅनरवर आपण ‘येवल्याची मानाची पैठणी’ छापता. हातमागावर अशी साडी विणायला आठवडेच्या आठवडे जातात, किंमत हजारांत. आपण देता त्या पैशात यंत्रमागावरची सेमी पैठणी बसते, तीही दुकानदार ओळखीचा असला तर. व्यासपीठावर साडी हातात आली की विजेती आधी पदर उलटा करून पाहते. हातमागाची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, सेमीच्या पाठीमागे धागे लोंबतात. एका क्षणात तिला सगळे कळते. ती गोड हसते, फोटो काढू देते, साडी घेऊन जाते. आपल्याला वाटते, मत पक्के झाले. साडी उलटून पाहायची सवय असलेल्या मतदारांपुढे आपण भाषण करत असता, एवढे ध्यानात असू द्यावे.

थकबाकीचे म्हणाल तर निवडणूक झाल्यावर ती बुडण्याच्या दोन रीती आहेत. निवडून आलेले म्हणतात, ‘आता आपण घरचे झालो, घरच्यांत कसले पैसे?’ पडलेले म्हणतात, ‘तुमच्या बायकांनी मते कुठे दिली?’ मते मोजून देण्याचे काम आम्ही कधीच अंगावर घेतले नव्हते. आमच्या दरपत्रकात ते नाही.

आता पुढच्या वर्षाची उद्दिष्टे. आपल्या म्हसळा नगरपंचायतीचा निकाल 2022च्या जानेवारीत लागला होता. पाच वर्षे धरली तर 2026 हा सुगीचा काळ. 17 जागा आणि प्रत्येक जागेला चौकातल्या बॅनरवर मावतील तितके भावी. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

एक, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली सोडतीआधी. पैसे आले नाहीत तर पैठणी गाडीतून उतरणार नाही.

दोन, लकी ड्रॉच्या कुपनावर आडनाव, प्रभाग आणि मोबाइल नंबर लिहून घ्यायला आपण सांगता आणि कार्यक्रम संपताच पेटी घेऊन जाता. यापुढे कुपनावर फक्त पाळण्यातले नाव. सोडतीला तेवढे पुरते.

तीन, आपले भाषणही एका मिनिटाचे. शिट्टी आमची. वेळेत संपवलेत तर स्टीलचा डबा बक्षीस.

चार, निम्म्या जागा महिलांच्या. कोणता प्रभाग कुणाचा हे चिठ्ठ्या टाकून, शाळकरी मुलाच्या हातून सोडत काढून ठरते. आमच्या धंद्याशी सरकार इतके जवळचे नाते ठेवून आहे, याचा अभिमान वाटतो. प्रभाग महिलांचा निघाला की रातोरात बॅनर बदलतो आणि कोपऱ्यात वहिनींचा पासपोर्ट फोटो येतो. तर या वेळी वहिनींनी स्वतः यावे, रांगेत उभे राहून ग्लासांचा मनोरा रचावा. बायकांना उमेदवार पारखायला तेवढे पुरे होईल. मनोरा पडला तरी चालेल, पडल्यावर वहिनी काय करतात हे बायका पाहतील.

पाच, आणि हे उद्दिष्ट सर्वांत मोठे. मार्चमध्ये महिलादिनाला एक कार्यक्रम सौजन्याशिवाय करणार आहोत. तिकीट 50 रुपये. जमलेल्या पैशातून येवल्याला जाऊन एकच साडी आणायची, पण दोन्हीकडून पाहता येईल अशी. बचतगटाच्या बायकांनी पुस्तक उघडून तिकिटे लिहायलाही घेतली आहेत. बॅनर नाही, सत्कार नाही, आणि सहाचा कार्यक्रम सहालाच. धंदा आपल्याविना चालतो की नाही, हे त्या रात्री समजेल. चालला, तर पुढल्या वर्षी हा अहवाल आम्ही त्या बायकांना पाठवू.

आपणही अवश्य यावे. पुरुषांना प्रवेश आहे, बसायची सोय मागच्या रांगेत. तिकीट तेच, सवलत नाही.

कळावे, लोभ आहेच, बाकीही आहे.

आपला,
एक खेळवाला

ता. क. मागच्या तीन कार्यक्रमांचे खुर्च्यांचे भाडे वेगळे आहे. मंडपवाला आपल्याला स्वतंत्र पत्र लिहिणार आहे. तो माझ्याइतका विनोदी नाही.