शिरपामाळावरून बोली

आमच्या मंडळीची रविवारची उपासना साडेनऊला सुरू होते, यावर सगळ्यांची श्रद्धा आहे. साडेनऊला घंटा होते तेव्हा आत पाळकसाहेब, पेटीवाले गुरुजी आणि पहिल्या बाकावरचे, घंटा ऐकू न येणारे एक निवृत्त मास्तर, एवढेच असतात. बाकीचे पापांगीकाराच्या प्रार्थनेपर्यंत पोचतात. ती प्रार्थना चुकवण्यासाठी कुणी उशीर करतं असं मी म्हणणार नाही. योगायोगाने त्याच वेळी दारात चपला काढायच्या असतात.

आम्ही कोल्हापूरकडचे. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये ते काम अमेरिकेतल्या प्रेसबिटेरियन मिशन बोर्डाकडे गेलं आणि पुढे रत्नागिरी, सांगली, मिरज असं पसरत गेलं. डॉ. वानलेस यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ चं. या लोकांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले. पण आमच्या अंगात मुरली ती कमिटी. प्रेसबिटेरियन रीतीत बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसून कारभार बघतात. यातलं ‘एकत्र बसून’ आम्ही फारच मनावर घेतलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आम्हालाही बिशप आले. बिशपसाहेबांना आम्ही मनापासून मान देतो, हार घालतो, जेवायला कोंबडी करतो. आणि ते गेले की पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे कमिटीत ठरवतो. पंखा जुनाच आहे.

गाण्याच्या बाबतीत मात्र कमिटी लागत नाही. ‘उपासना संगीत’मधलं एखादं विलायती चालीचं गीत लागलं की आम्ही ते बैलगाडी चढावर न्यावी तसं म्हणतो; पेटी पुढे, पुरुष मध्ये, आणि बायका कडवं संपवून केव्हाच खाली उतरलेल्या. त्यानंतर नारायण वामन टिळकांचं भजन आलं, तबल्यावर थाप पडली, की तेच लोक एकदम ताठ बसतात. टिळक बोस्टनच्या मिशनशी जोडलेले, नगरकडचे. आमच्या गोटातले नव्हेत. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी पुण्यात स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक होते, म्हणजे खरे आमचे तेच. पण कादंबरीला टाळी देता येत नाही.

उपदेश सुरू झाला की तिसऱ्या बाकावरच्या मावशींच्या बटव्यातून लिमलेटच्या गोळ्या निघतात आणि हातोहात मागच्या भिंतीपर्यंत जातात. स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांतही उपदेशाच्या वेळी पेपरमिंटच्या गोळ्या चघळायची जुनी चाल आहे, हे मी पुढे वाचलं. मावशींनी स्कॉटलंड नकाशातही पाहिलेलं नाही. तेव्हा हा धर्मशास्त्राचाच काही भाग असावा.

नोकरीने मला जव्हारला आणून सोडलं. इथे रविवारी सकाळी मी शिरपामाळावर जाऊन बसतो. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजांनी त्यांना शिरपेच अर्पण केला, त्यावरून माळाला हे नाव पडलं, असं सांगतात. त्याच सुरतेत फादर अँब्रोज नावाचे एक कॅपुचिन साधू राहत होते आणि महाराजांनी त्यांच्या घराला धक्का लागू दिला नाही, असं बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. हे वाचून माझा ऊर भरून आला आणि मी माळावरूनच आईला फोन लावला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ते कॅथलिक होते न्हवं?”

आईचा फोन हीच आता माझी उपासना. पाळकसाहेब कशावर बोलले, असं विचारलं की ती म्हणते, “चांगलं बोलले.” संपला उपदेश. खरा वृत्तान्त आशीर्वादानंतरचा, अंगणातल्या चिंचेखालचा. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडता मोडता राहिलं, कुणी कुणाला मुद्दाम सलाम केला नाही, महिला मंडळाचं पातेलं कुणाच्या घरी आहे. तासाभराची उपासना दोन शब्दांत आणि पंधरा मिनिटांचं अंगण अर्धा तास. मला यात काही गैर वाटत नाही. आजारी माणसाच्या घरी संध्याकाळी कोण डबा नेणार, हेही त्या चिंचेखालीच ठरतं. आणि तो डबा पोचतो, कमिटीविना.

यंदा हंगामाच्या सणाला मला घरी जाता आलं नाही. या सणाला लोक पहिलं पीक वेदीपुढे आणतात: ऊस, शेंगा, गुळाची ढेप, भोपळा, पायाला सुतळी बांधलेली कोंबडी. कोंबडी प्रार्थनेत आवाज देते. मग अंगणात लिलाव होतो, आणि तिथे बाजारभाव चालत नाही. एक अंडं कुणीतरी शंभराला घेतो आणि परत दान करतो; ते पुन्हा लिलावात येतं, पुन्हा दान होतं, आणि संध्याकाळपर्यंत त्या अंड्याची किंमत अख्ख्या खुराड्यापेक्षा वर जाते. मिझोरमच्या प्रेसबिटेरियन घरांत बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. ते शिस्तीचं दान. आमचं ईर्ष्येचं. दोन साडूंमध्ये एका भोपळ्यावरून जे लागतं, त्यात छपराचे पत्रे निघतात.

तर यंदा मी माळाच्या कडेला, रेंज होती तिथे उभा राहून फोनवरून बोली लावली. आईने फोन उंच धरला होता. भोपळा. मी “तीनशे” म्हणालो, तिकडून “पाचशे” ऐकू आलं, मी “सहाशे” ओरडलो. शेजारी सेल्फी काढणारं एक कुटुंब दचकून दोन पावलं मागे सरलं. आणि रेंज गेली.

फोन पुन्हा लागला तेव्हा भोपळा माझा झाला होता. पण साडूंपैकी धाकट्याने हरकत घेतली होती, की हजर नसलेल्या माणसाची बोली धरता येते का? त्यावर अंगणातच चर्चा झाली, सूचक आणि अनुमोदक मिळाले, आणि तिघांची कमिटी नेमली गेली. पैसे मी त्याच दिवशी पाठवले. खजिनदारांनी ते ‘निर्णयाच्या अधीन’ असं लिहून जमा करून घेतले. अहवाल पुढच्या हंगामापर्यंत यायचा आहे. भोपळा तोवर टिकणार नाही म्हणून आईने घारगे केले आणि कमिटीच्या तिन्ही सभासदांच्या घरी पाठवले. धाकटे साडू म्हणतात, ही लाच आहे.