नवा उद्योग, जुनाच कच्चा माल

नगरच्या नागापूर एमआयडीसीत एक शेड चालवायची तर किती कागद लागतात, ते शेडवाल्यालाच विचारावं. कारखान्याचा परवाना, प्रदूषण मंडळाची संमती, आगीचा दाखला, पीएफ, ईएसआय, जीएसटी. आमच्या ओळखीच्या एका मालकांनी ऑर्डरी आटल्यावर हे सगळे कागद एका पेटीत घातले, लेथ मशीन विकलं आणि ठरवलं की आता महाराज व्हायचं. त्यांचं नाव इथे देत नाही. लवकरच ते बदलणार आहे आणि मागे-पुढे बरंच काही लागणार आहे.

"याला लायसन लागत नाही ना सर?" टपरीवर कटिंग मागवून त्यांनी पहिला प्रश्न टाकला. लागत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की अर्धी सिद्धी तिथेच झाली. पण माणूस कारखानदार. नियम वाचल्याशिवाय माल काढायचा नाही ही सवय. त्यांनी काखेतून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची झेरॉक्स काढली. नरबळी, अमानुष, अनिष्ट, अघोरी असं करत करत कायद्याचं पूर्ण नाव वाचून संपेपर्यंत चहावर साय आली.

हा कायदा कसा झाला ते नव्या पिढीला माहीत असेलच असं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं मसुदे घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढत होते. मसुदे यायचे, सौम्य व्हायचे, अधिवेशन संपायचं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मंजुरी दिली. सरकारी फाइल इतक्या वेगाने हलू शकते, हे महाराष्ट्राला त्या दिवशी कळलं. नेमकं काय केल्यावर हलते, हेही कळलं.

मालकांनी कायद्याची अनुसूची समोर धरली. बारा बाबींची यादी, आणि ते क्वालिटी कंट्रोलवाल्यासारखे एकेका बाबीवर फुली मारत चालले. भूत उतरवायला साखळीने बांधणं, चाबकाने मारणं? "नको. त्याला माणसं ठेवावी लागतील, परत पगाराची कटकट." मिरचीची धुरी? "भाव बघितलाय का मिरचीचा?" साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं? "छे छे. त्याला आधी सिव्हिलला पाठवायचं. गिऱ्हाईक टिकलं पाहिजे." बोटाने शस्त्रक्रिया? "सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे सर. बोटाला कोण सांगतंय?" मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस, असं सांगून बाईला नादी लावणं? इथे ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "याच जन्माची घरी आहे. तिचाच कायदा पुरे."

मग त्यांना मूळ कायद्याचं बारावं कलम सापडलं. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणं, वास्तुशास्त्राचा सल्ला, ज्योतिषाचा सल्ला, नंदीबैलवाल्याचं भविष्य, पाणाड्याने दाखवलेलं पाणी, या कशालाही हा कायदा लागू नाही. वारकऱ्यांच्या मनातली शंका फेडायला असं काही घालणं भागच होतं, आणि कीर्तनकाराच्या दारात पोलीस उभा राहू नये हे कुणीही शहाणा मान्य करील. पण वारकऱ्यासाठी उघडलेल्या दारातून वास्तुवालाही आत आला, तो नंदीबैलाच्या आडून. मालकांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. "म्हणजे चमत्कार करायचे नाहीत, गेलेल्यांचे सांगायचे. हातातून अंगारा काढायचा नाही, पुड्या बांधून आणायचा. झालं की!"

आता मुख्य माल. मालकांची योजना साधी आहे. कामगाराने पगाराचा दहावा हिस्सा द्यायचा. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटी चरणी ठेवायची. गावाकडचा गुंठा ट्रस्टच्या नावे. घरचे विरोध करतील, म्हणून घरच्यांशी बोलणं हळूहळू बंद. मुलीचं लग्न महाराज ठरवतील. "यातलं काय बसतं का सर यादीत?"

मी बाराही बाबी पुन्हा वाचल्या. चाबूक होता, मिरची होती, गुप्तधन होतं. ग्रॅच्युइटी नव्हती.

"फसवणुकीचा गुन्हा लागेल," मी शेवटचा खडा टाकला.

"फसवणूक म्हणजे देतो म्हणून न देणं. मी काही देतो असं म्हणतच नाही. देणार तो वरचा."

तरी त्यांच्या मनात एक धाकधूक होतीच. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली, धर्मांतरं आणि 'लव्ह जिहाद'वर कायदा कसा करता येईल ते पाहायला. "लोकांना नादी लावणाऱ्यांवर कायदा म्हणजे आपल्यावरच की!" मी त्यांना उत्तर प्रदेशचा २०२१ चा कायदा समजावला. ज्याला धर्म बदलायचा त्याने ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना लिहून द्यायचं. जो विधी करणार त्याने महिनाभर आधी. मग चौकशी. आधीच्या धर्मात परत यायचं असेल तर मात्र ते धर्मांतर धरत नाहीत. जायला तिकीट, यायला फुकट.

मालकांनी बराच वेळ विचार केला आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे एका धर्मातून दुसऱ्यात जाणाऱ्याला हे सगळं. आपले भक्त कुठं जाणारेत? आहेत तिथंच बसणार. माझ्यापुढं."

त्यांचं चुकलं होतं असं मला म्हणता येईना. देव बदलायचा तर कलेक्टर, घरदार एका माणसाच्या नावे करायचं तर नुसता सब-रजिस्ट्रार.

ही टपरी मनमाड रस्त्याला लागून आहे, आणि धर्म कसा बदलतात ते या रस्त्यालाच विचारावं. याच रस्त्याने पुढे राहुरी. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी मात्र पाच वर्षं वेळ घेतला. त्यांचा नगर-राहुरीचा संसार महाराष्ट्राने 'स्मृतिचित्रे'त वाचलाय. नवऱ्याने बदलला म्हणून बायकोने बदलला नाही, स्वतःला पटल्यावर बदलला. या पाच वर्षांच्या चौकशीला दंडाधिकारी कोण होता? त्याच. पुढे शिर्डी. मशिदीत राहून धुनी पेटवणाऱ्या फकिराला 'सध्याचा धर्म' हा रकाना भरायला दिला असता तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला असता. आणखी पुढे येवलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. साठ दिवसांची नोटीस मागणाऱ्यांनी नोंद घ्यावी, त्यांनी एकवीस वर्षांची दिली होती. आणि सोबतच्या लाखोंना एकेक अर्ज भरायला लावला असता तर कलेक्टर कचेरीत अजून टोकन वाटप चालू असतं.

रस्ता एवढं सांगतो, पण मालकांना रस्त्यात रस नव्हता. त्यांना माणसं बांधून कशी ठेवायची ते हवं होतं. म्हणून मी त्यांना जुनी गोष्ट सांगितली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला की कुठल्याही समाजाने आपल्या माणसाला वाळीत टाकायचं नाही. दाऊदी बोहऱ्यांचे सय्यदना सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये तो कायदा रद्द झाला. बहिष्काराचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचाच भाग, असं बहुमताने ठरलं. ज्याला बाहेर काढलं त्याच्या स्वातंत्र्याची बाजू मुख्य न्यायमूर्तींनी घेतली, पण ते अल्पमतात. मालकांनी डायरी काढली. लगेच मी २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदाही सांगितला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. त्यांनी लिहिलेलं खोडलं. "बहिष्कार नाही टाकायचा. 'तुझी सेवा कमी पडतेय' एवढंच म्हणायचं. बाकीचे आपोआप बोलायचे थांबतात."

शेवटचा उपाय म्हणून जपान काढला. तिथे युनिफिकेशन चर्चने पूर्वजांची भीती घालून घरं धुऊन नेली. मग २०२२ मध्ये कायदा झाला: धर्म कोणता ते विचारायचं नाही, पैसे कसे काढले ते विचारायचं. भक्ताच्या पोराबाळांनाही दान परत मागायची सोय ठेवली. २०२५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ती संस्थाच विसर्जित करायचा आदेश दिला.

"पोरं परत मागू शकतात?" मालक पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "तसलं काही आपल्याकडं येतंय का?"

तसलं काही कुणी मागितलेलं माझ्या ऐकण्यात नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्यांनी नि:श्वास सोडला, दोन्ही चहाचे पैसे दिले आणि उठता उठता परत झेरॉक्स उघडली.

"यात दक्षता अधिकारी लिहिलाय. तो कोण?"

"पोलीस ठाण्याचे निरीक्षक साहेब असतात बहुतेक."

"बरं झालं. उद्घाटनाला पाहुणा कोण बोलवावा, हेच ठरत नव्हतं."