माजी वायुसैनिकाचे घर : ओळख, वापर आणि निगा

नाशिक परिसरात माजी वायुसैनिक मुबलक आढळतो. ओझरला 1964 मध्ये मिग विमानांसाठी उभारलेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, त्याच्या शेजारी वायुसेनेचा 11 बेस रिपेअर डेपो आहे आणि देवळालीला वायुसेनेचे स्टेशन आहे. शेवटची पोस्टिंग घराजवळ मिळावी म्हणून अर्ज करायचा, ती मिळाली की सुट्टीत प्लॉट बघायचा, आणि पेन्शनीच्या आधी प्लिंथपर्यंत काम आणायचे, ही सर्वमान्य पद्धत आहे. अशा घरात सून, जावई किंवा भाडेकरू म्हणून प्रवेश करणाऱ्यांच्या सोयीसाठी पुढील माहिती दिली आहे.

घर बाहेरून ओळखण्यासाठी नावाची पाटी वाचण्याची गरज नाही. फाटकाची बिजागरी पाहावी. तिथे नटबोल्टला बारीक तारेचा सारखा पीळ दिलेला असेल आणि तारेची ओढ नट आवळण्याच्या दिशेने असेल, तर आत एअरफ्रेम किंवा इंजिन फिटर राहतो. याला लॉकिंग वायर म्हणतात. विमानातला नट हादऱ्यांनी सैल होऊ नये म्हणून ती घालतात. फाटकाला सुतळी असेल, तर घर इतर कोणत्या तरी खात्याचे आहे.

आत गेल्यावर पहिली चूक हुद्द्याची होते. गावाकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो. वायुसेनेत मेजर हा हुद्दाच नाही. तिथे कार्पोरल, सार्जंट, ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर असतात. पहिली दोन वर्षे माजी वायुसैनिक ही चूक दुरुस्त करतो. तिसऱ्या वर्षी झेंडावंदनाच्या पत्रिकेवर त्याच्या नावामागे ‘मेजर’ छापून येते आणि विषय मिटतो. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ‘म्हणजे काका, तुम्ही विमान चालवायचात?’ हा प्रश्न विचारू नये. विमान चालवणारे थोडे असतात. ते उडावे म्हणून जमिनीवर राबणारे फिटर, राडारवाले, वायरलेसवाले, हवामानवाले, स्टोअरवाले आणि कारकून कितीतरी जास्त असतात. प्रश्न विचारलाच गेला, तर उत्तर साधारण पाऊण तासाचे असते.

घरातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे काळी लोखंडी ट्रंक. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात सर्व्हिस नंबर, हुद्दा आणि नाव असते. हुद्दा वाढला की जुन्यावर काळा हात मारून नवा लिहिलेला असतो. उन्हात तिरके पाहिल्यास ‘एलएसी’ या खालच्या हुद्द्यापासूनची सगळी नोकरी थराथराने वाचता येते. ही ट्रंक आदमपूर, तेजपूर, जामनगर, तांबरम अशी रेल्वेने हिंडलेली असून तिचा एक कोपरा कुठे चेपला हे मालकाला तारखेसह ठाऊक असते. क्वार्टरमध्ये दोन ट्रंका जोडून वर गादी टाकली की दिवाण होत असे. नाशकात आल्यावर तिच्यावर प्रथम टीव्ही बसला, मग तिच्यात एरंडेल लावलेला गहू भरला गेला. गव्हाखाली एक पातळ पाकीट असते. त्यात पदके असतात. 1971 ची पदके असल्यास पाकीट वेगळ्या फडक्यात गुंडाळलेले असते. घरातल्या कोणालाही त्या युद्धाबद्दल विमानतळावरच्या चहाखेरीज फारसे काही सांगितलेले नसते. पाकीट उघडण्याचा आग्रह धरू नये.

कपड्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला समारंभाचा : खिशावर चिन्ह असलेला गडद निळा ब्लेझर आणि पट्ट्यांचा टाय. ही जोडी 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 8 ऑक्टोबरला, म्हणजे वायुसेना दिनाला, बाहेर निघते. त्या दिवशी डांबरगोळ्यांचा वास येणे हा गणवेशाचाच भाग समजावा. वायुसेनेची स्थापना 1932 ची असली, तरी ब्लेझरचे माप साधारणपणे पेन्शनीच्या वर्षाचे असते. बटणे का लागत नाहीत याचा दोष धोब्याला द्यावा, मालकाला नव्हे.

दुसरा वर्ग इश्यूच्या कपड्यांचा. त्यात निळी लोकरीची जर्सी अमर आहे. कोपरे विरले की तिला ठिगळ लागते, ठिगळ विरले की ती गावी जाते. निफाडकडे थंडीत पारा असा उतरतो की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. शेतीची वीज रात्रीची असेल, तर कांद्याला पाणी द्यायला उठणारा पुतण्या हीच जर्सी घालतो. भारतीय वायुसेनेचे इतके सलग रात्रपाळीचे काम तिने नोकरीतही केले नसेल.

वाहनाबाबत गैरसमज टाळावा. ‘मी बारा वर्षे चेतक सांभाळली’ या वाक्यातील चेतक बजाजची स्कूटर आहे की त्याच नावाचे हेलिकॉप्टर, हे आधी विचारून घ्यावे. दोन्हींची निगा एकाच पद्धतीने राखली जाते. सकाळी निघण्यापूर्वी तपासणी, परतल्यावर तपासणी, आणि दोन्हींची वहीत नोंद. स्कूटर सुरू होत नसली तरी नोंद चुकत नाही.

घरातील प्रत्येक वस्तू ‘चार्जवर’ असते. पान्हा घेतला तर तो त्याच खिळ्यावर परत जावा लागतो, कारण हरवलेला पान्हा विमानाच्या पोटात सापडू शकतो, ही भीती तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही कायम असते. वस्तू दोनच प्रकारच्या असतात, सर्व्हिसेबल आणि अनसर्व्हिसेबल. अनसर्व्हिसेबल वस्तू फेकायची नसते, तिला चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवायचे असते. माळ्यावरची खरी मालकी मात्र पत्नीची. दर बदलीला संसार खोक्यांत भरल्यामुळे मिक्सरचे मूळ खोके थर्माकोलसह जपणे हे तिचे शास्त्र आहे. छोले, सांबार आणि आसामी गमछा तिने शेजारणींकडून मिळवले, आणि बायकांच्या कल्याणकारी संघटनेच्या बैठकांनाही ती गेली. त्या संघटनेचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘अफवा’ असे उच्चारले जाई, ही गोष्ट मराठी बायकांनी अतिशय संयमाने घेतली.

कागदपत्रे हिरव्या टॅगने बांधलेल्या फायलीत असतात. सर्वांत वर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. नोव्हेंबर महिन्यात माजी वायुसैनिक आपण जिवंत असल्याचे सिद्ध करतो. पूर्वी बँकेत सही करून, आता अंगठा आणि ओटीपी देऊन. ओटीपी नातवाच्या मोबाइलवर येत असल्याने आजोबांचे जिवंत असणे काही मिनिटे नातवाच्या मर्जीवर अवलंबून असते. कँटीनचे कार्ड मात्र कोणाच्याही हाती देत नाहीत. साबण, चहा आणि ट्रॉली बॅग यांसाठी सगळे नातेवाईक या घराशी गोड असतात. दारूचा कोटा हुद्द्यानुसार ठरतो, आणि लग्नसराईत तो हुद्दा सर्व मावसभावांना तोंडपाठ असतो.

वेळ चोवीस तासांची आहे. ‘सतराशे तीस’ला चहा म्हणजे साडेपाच, आणि पाच पस्तीसला आलेला जावई उशिरा आलेला असतो.

बोलत असताना ओझरच्या दिशेने गडगडाट झाला, तर बोलणे थांबवावे. यजमान गच्चीत जाईल, कपाळावर हात धरून पाहील आणि दिसण्याआधीच ‘सुखोई’ म्हणेल. मिग-21 म्हणण्याची सोय 26 सप्टेंबर 2025 ला, चंदीगडमध्ये त्या विमानाला निरोप दिला तेव्हा, संपली. त्या दिवशी या घरांतील टीव्हीचा रिमोट कोणी मागितला नाही. विमान दिसेनासे झाल्यावर यजमान खाली येतो आणि वाक्य जिथे तुटले होते त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. तोवर चहा गार झालेला असतो. तो पुन्हा गरम करून आणणे हे पाच पस्तीसला आलेल्या जावयाचे काम आहे.