अर्ध्या तासाचं काम

"प्लंबर करतो काय? दोन पाइप जोडतो. पाणी काय, आपलं आपणच वाहतं."

हे म्हणणारा एक काका प्रत्येक सोसायटीत असतो. उभी हयात बँकेत गेलेली, खिशात टेप, आणि कुठलंही काम 'अर्ध्या तासाचं'. मजुरी वाचवणं हे निमित्त. खरी मौज असते ती भिंतीवर टकटक करून "कोणी केलंय हो हे काम?" असं तुच्छतेने विचारण्यात. असं विचारण्याचा मान कारागिरांनाच का, हे अशा काकांचं जुनं दुखणं.

आमच्या शेजारचे काका अगदी याच वाणाचे. तेवीस वर्षांच्या संसारात काकू एकदाच म्हणाल्या, "भांडी घासताना जरा उजेड असता तर!" दिवा बदलूनही भागलं असतं. काकांनी सिंकच खिडकीखाली न्यायचं ठरवलं. जुन्या जागेपासून नऊ फूट.

मदतनीस मी. म्हणजे "पाना दे" म्हटलं की पाना द्यायचा, आणि "हा नव्हे" म्हटलं की परत घ्यायचा.

पहिल्याच दिवशी काकांनी गच्चीवरचा कॉक बंद केला. तो आमच्या मजल्याचा नसून अख्ख्या रांगेचा होता, हे तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ टॉवेल गुंडाळून, कानात साबणाचा फेस घेऊन खाली आले तेव्हा कळलं. काकांनी त्यांनाच टॉर्च धरायला लावला.

मग हार्डवेअरच्या दुकानाच्या खेपा. एल्बो आणला तर टी हवा, टी आणला तर तो अर्ध्याऐवजी पाऊण इंची. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, हे काकांनी दुकानदाराला समजावून सांगितलं आणि येताना साधा पीव्हीसी घेऊन आले. पाचव्या खेपेला दुकानदाराने न विचारता स्टूल पुढे केलं. टेफ्लॉन टेप मात्र काका झोकात गुंडाळत. उलट्या दिशेने. त्यामुळे नळ आवळला की टेप उलगडून दाढीसारखी बाहेर लोंबे.

या किरकोळ गोष्टी झाल्या. खरी गोम सांडपाण्यात होती. नळाच्या पाण्याला मागून जोर असतो, ते वळणावळणाने वरही चढतं. खरकट्या पाण्याला फक्त ढाळ कळतो: फुटाला साधारण पाव इंच. नऊ फुटांना सव्वादोन इंच झाले. भिंतीतलं डक्टचं भोक तर होतं तिथेच राहणार. त्यात काकांनी हौसेने आणलेलं नवं सिंक जुन्यापेक्षा तीन इंच खोल! खाली ट्रॅप बसवला तर पाइपचं तोंड भोकाच्या खाली जाऊ लागलं. मी म्हटलं, "काका, ट्रॅपच काढून टाकला तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अगदी थकीत कर्जदाराकडे पाहावं तसं. "त्यात दोन इंच पाणी साचून राहतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत. एवढंही ठाऊक नाही?" ढाळ विसरलेल्या माणसाला ट्रॅप पाठ होता, हे कबूल करायला हवं.

रात्री उशिरा त्यांना तोडगा सुचला. भोक खाली जात नसेल तर सिंक वर घ्यायचं. खिडकीखालचा ओटा सव्वापाच इंचांनी उचलला गेला.

उद्घाटनाला शेजारपाजारी जमले. काकांनी बादलीभर पाणी ओतलं. ते भोवरा करत, घुटुक घुटुक आवाज करत गेलं, एक थेंब गळला नाही. टाळ्या पडल्या. काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "विचारा आता, कोणी केलंय हे काम!"

काकूंची उंची चार फूट अकरा इंच. त्या आत गेल्या, देवघरातला पाट घेऊन आल्या, सिंकपुढे ठेवून वर चढल्या आणि घासणी हातात घेत म्हणाल्या, "उजेड मात्र छान येतो हं."

काका खिशातून टेप काढून पाटाची उंची मोजत होते.